शुक्रवारपर्यंत कुणाला सांगू नको

बाई,

तुमच्या शोकसभेत सात जण बोलले आणि सातही जण म्हणाले, बाई अल्पशा आजाराने गेल्या. आठवी मी. उभी राहिले तेव्हा मनाशी ठरवलं होतं की खरं काय ते सांगून टाकायचं. समोर शिक्षण खात्यातले दोघे बसले होते, त्यांच्या शेजारी तुमचे यजमान भाऊसाहेब, मागे चौथीच्या मुली. तोंड उघडलं आणि मीही म्हणाले, अल्पशा आजाराने. मग खाली बसले.

त्या दिवसापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. भाजी चिरायला घेते आणि उठते. वह्या तपासायला घेते आणि तिसऱ्या वहीपाशी येईतो आधीच्या दोन कुणाच्या होत्या तेच आठवत नाही. परवा मोठी मुलगी वैतागून म्हणाली, "आई, तू सारखी चकरा काय मारतेस? बैठ ना जरा." म्हणून आज बसले आहे आणि तुम्हालाच लिहायला घेतलं आहे.

तुम्ही लघवी बंद होऊन गेलात, बाई. हा शब्द शोकसभेत कुणाला चालला नसता, आणि तुम्हाला तर मुळीच नाही. तुम्ही "बाहेर जाणं" म्हणायचात. तेही आवाज खाली आणून, आणि माझ्याकडे न बघता.

मी शाळेत आले तो पहिला दिवस मला लख्ख आठवतो. लग्न होऊन जळगावकडून इथे बुधवारा पेठेत आलेली, नवी नोकरी. दोन खोल्या, मधे अंगण, वर घरमालकांचं बिऱ्हाड. त्या दोन खोल्यांत चार वर्ग आणि आपण दोघी. अकराच्या सुमाराला मी हळूच विचारलं, "बाई, इथे जायचं कुठे?" तुम्ही फळा पुसता पुसता म्हणालात, "इथे जायचं नसतं."

मला वाटलं, मी काहीतरी भलतंच विचारलं. पण मधल्या सुटीत तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि हजेरीपट कसा भरायचा ते सांगावं तसं सगळं सांगितलंत. वर विचारायचं नाही, म्हाताऱ्या मालकांनी एकदा नाही म्हटलंय. सकाळचा चहा साडेआठच्या आत घ्यायचा. त्यानंतर पाणी नाही. डब्यात लोणचं नाही, त्यानं तहान लागते. संध्याकाळी घरी गेल्यावर हवं तेवढं प्यायचं. "पहिला महिना त्रास होतो," तुम्ही म्हणालात. "मग शरीर ऐकतं."

आणि ऐकलं की त्यानं. महिन्याभरात माझं शरीर ऐकायला लागलं. मला त्याचा अभिमानही वाटायचा. दिवसभर घसा फोडून शिकवायचं आणि पाण्याचा थेंब नाही.

मग मला दुसऱ्या वेळी दिवस गेले आणि शरीरानं ऐकणं सोडलं. तास अर्ध्यावर आला की माझा जीव खालीवर व्हायचा. मी काही बोलले नव्हते, पण तुम्ही ओळखलंत. एका सकाळी तुम्ही शाळा भरायच्या आधी गल्लीतल्या जिजीबाईंकडे जाऊन आलात आणि मला म्हणालात, "नलू, त्यांचं मागचं दार उघडं असेल. तीनदा जा, चारदा जा, मी बघते वर्ग." तुम्ही चारही वर्गांच्या मुली अंगणात एकत्र बसवून पाढे म्हणून घ्यायचात आणि मी डोक्यावरून पदर घेऊन गल्ली ओलांडायची. असे पाच महिने. एकदाही तुम्ही मला "लवकर ये" म्हटलं नाहीत.

मी विचारायची, "तुम्हीपण या ना एकदा तरी."

"आणि वर्ग?"

"मी बघीन की."

"मला लागतच नाही ग," तुम्ही म्हणायचात.

माझा मुलगा सुखरूप झाला त्यात त्या मागच्या दाराचा वाटा आहे, असं मी आजही मानते. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. पुढे जिजीबाई मुलाकडे खंडव्याला राहायला गेल्या, दाराला कुलूप लागलं, आणि आपण पुन्हा आपल्या जुन्या रीतीवर आलो.

विमलचं आठवलं की मात्र अजून अंगावर काटा येतो. तिसरीतली, केळीच्या बागायतदाराची मुलगी, लांबून चालत यायची. परीक्षेच्या दिवशी तिला आवरलं नाही. भर वर्गात. मुली हसायला लागल्या आणि तुम्ही एवढ्या मोठ्यानं ओरडलात की वरून घरमालकीण डोकावल्या. सगळ्यांना अंगणात कवायतीला काढलंत, फरशी स्वतः धुतलीत, कपाटातलं तुमचं जुनं लुगडं फाडून विमलला नेसवलंत आणि तिच्याबरोबर पार तिच्या घरापर्यंत चालत गेलात. ती पुन्हा शाळेत आली नाही. तुम्ही तीनदा तिच्या घरी गेलात. तिसऱ्या वेळी तिचे वडील म्हणाले, "बाई, राहू द्या. लडकी जात आहे, शिकून काय करायचं?" दुसऱ्या दिवशी मुलींसाठी आडोसा आणि मोरी बांधून मिळावी म्हणून तुम्ही नागपूरला अर्ज लिहिलात.

काय अक्षर होतं तुमचं! मी म्हटलं होतं, हा अर्ज नाही म्हणायची साहेबाची छातीच होणार नाही.

पण मधेच प्रांताची फोड झाली. नागपूर तिकडे गेलं, आपण इकडे हिंदी राज्यात राहिलो. तिकडून उत्तर आलं की तुमच्या शाळेचं दप्तर नव्या राज्याकडे गेलं, भोपाळला लिहा. भोपाळला लिहिलं. चार महिन्यांनी तिकडून आलं की अर्ज हिंदीत पाठवा. तुम्ही हसलात. "पाठवू की," म्हणालात, "मोरीला कुठली आली भाषा." त्या वर्षात आपल्या ओळखीच्या किती बाया-मास्तरांनी बदली मागून तिकडचा रस्ता धरला. तुमची बहीण नागपुरात, तिनं तर तुमच्यासाठी जागासुद्धा बघून ठेवली होती. तुम्ही म्हणालात, आपण गेलो तर या मुलींना मराठी कोण शिकवणार?

हिंदी अर्ज लिहून तयार होता. मीच कोरून कोरून लिहिला होता. महिन्यानं टेबलाचा खण उघडला तर तो तिथेच.

त्या दिवशी आपण भांडलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मुली गेल्यावर, दार लोटून.

"तुम्ही टपालात टाकलाच नाही?"

"नाही टाकला."

"का पण?"

"बस खाली, सांगते. ज्या मराठी शाळांना नीट जागा नाही त्या हिंदी शाळेत मिळवून टाकायच्या, असं चाललंय वर. आपणच आपल्या हातानं लिहून द्यायचं का, की ही जागा मुलींच्या शाळेला लायक नाही? ते म्हणतील, बरोबर आहे बाई तुमचं. करा बंद."

"आणि मुली दिवसभर पाणी पीत नाहीत त्याचं काय?"

"आधी शाळा राहू दे, नलू. मोरी मागून होईल."

"मागून म्हणजे कधी? आणखी चार विमल गेल्यावर?"

हे मी बोलायला नको होतं. तुमचा चेहरा पडला. दोन दिवस आपण एकमेकींशी कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या डब्यातली मेथीची भाजी न विचारता माझ्या डब्यात वाढलीत आणि भांडण मिटलं असं आपण धरून चाललो. ते मिटलं नव्हतं, बाई. आजही मी रस्त्यानं चालताना तुमच्याशी तेच भांडत असते. कधी वाटतं तुमचं बरोबर होतं. शाळाच गेली असती तर त्या पन्नास मुलींपैकी किती जणी हिंदी शाळेत गेल्या असत्या आणि किती घरी बसल्या असत्या? कधी वाटतं, छे, मीच बरोबर होते आणि मी अजून भांडायला हवं होतं.

त्याच हिवाळ्यात तुमच्या कमरेत कळ निघाली. डॉक्टर म्हणाले मुतखडा. लघवी कमी, त्यात ती घट्ट, मग खडा धरणारच. दिवसभर थोडं थोडं करत तीन-चार तांबे तरी पाणी पोटात गेलं पाहिजे, असं त्यांनी बजावलं. तुम्ही मान डोलावलीत आणि घरी गेल्यावर संध्याकाळी एकदम दोन तांबे पिऊन टाकायला लागलात. शाळेत कळ आली की दुकानातून आणलेली डोकेदुखीची पुडी. कोरडीच जिभेवर टाकायची. किती पुड्या झाल्या असतील? मला त्या दिसत होत्या. मी काही म्हटलं नाही, कारण पुडी घेतली की तुम्ही पुन्हा उभं राहून शिकवायला लागायचात, आणि माझा भार हलका व्हायचा.

आता तो शेवटचा आठवडा.

रविवारी तुम्ही लग्नाला गेलात. सोमवारी दिवसभर उलट्या-जुलाब, म्हणून रजा. शुक्रवारी तपासणी होती. भोपाळहून ठरलेली, कुठली शाळा ठेवायची नि कुठली मिळवायची ते ठरवणारी हीच. मंगळवारी तुम्ही आलात. डोळे खोल गेलेले, ओठांना चिरा पडलेल्या. मी म्हटलं, "आज कशाला आलात?" तुम्ही म्हणालात, "तक्ते रंगवायचे राहिलेत." आणि मधल्या सुटीत, तक्त्यावर ब्रश फिरवता फिरवता, खालच्या आवाजात म्हणालात, "नलू, काल दुपारपासून मी बाहेर गेलेच नाही बघ. इच्छाच होत नाही." मग हसलात. "बरंच झालं. तेवढीच काळजी मिटली."

मीही हसले, बाई. मी हसले.

संध्याकाळी भाऊसाहेब नेपानगरच्या मिलमधून आले आणि तुम्हाला डॉक्टरांकडे घेऊन निघाले. सोबतीला मी. डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट दाबलं, आणि विचारलं, "लघवी होतेय ना नीट?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. एकदाच. मग म्हणालात, "होते की." डॉक्टरांनी जुलाबाचं औषध दिलं आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सारखं घ्यायला सांगितलं. माझ्या हातात तुमची पिशवी होती. मी त्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत उभी होते.

बाहेर आल्यावर भाऊसाहेब टांगा बघायला पुढे गेले, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. "शुक्रवारपर्यंत कुणाला सांगू नको. त्यांनी उगाच दवाखान्यात टाकलं तर तपासणीला तू एकटी पडशील. तुझ्या गळ्याची शपथ आहे."

मी सांगितलं नाही.

बुधवारी तुमचा चेहरा सुजला होता. गुरुवारी चपलेचे पट्टे पायात रुतून खाली वळ उठले होते. तुम्हाला उचकी लागत होती, तीन-तीन तास थांबत नव्हती, आणि मुली चोरून हसत होत्या. मी विचारलं, "झाली का?" तुम्ही म्हणालात, "थोडीशी." मला हवं होतं तेच उत्तर तुम्ही दिलंत आणि मी ते घेतलं. घरचं पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं तुमच्या, हे मला मागाहून कळलं.

शुक्रवारी इन्स्पेक्टर आले. तुम्ही उभ्या राहिलात त्या दोन तास उभ्याच. मुलींनी कविता म्हटल्या, बेरजा सोडवल्या, हिंदीतून प्रश्न विचारले तर हिंदीतून उत्तरं दिली. साहेब खूश झाले. जाता जाता त्यांनी कागद काढला आणि विचारलं, "बहनजी, लड़कियों के लिए शौचालय कहाँ है?"

तुम्ही म्हणालात, "ऊपर है, साहब. मकान-मालिक के यहाँ."

त्यांनी लिहून घेतलं. मी हजेरीपट छातीशी धरून तुमच्या बाजूला उभी होते.

साहेबांचा टांगा वळला आणि तुम्ही खुर्चीत बसलात त्या जड डोळ्यांनी बसूनच राहिलात. मी हाक मारली तर जरा वेळानं "हं" आलं. तुमच्या तोंडाला चमत्कारिक वास येत होता. मी शेजारणीला तुमच्याजवळ बसवलं आणि पळत डॉक्टरांकडे गेले. भर बाजारातून, पदर कुठे नि चपला कुठे. दवाखान्यात चार माणसं बसली होती, त्यांच्या देखत मी ओरडले, "डॉक्टर, बाईंना सोमवारपासून लघवी नाही!"

डॉक्टर उठून उभेच राहिले. "सोमवारपासून? आणि तुम्ही आज सांगताय?"

"मला आजच कळलं," मी म्हणाले.

हे माझं खोटं. तुमचं साहेबांशी, माझं डॉक्टरांशी, एकाच दुपारी.

इस्पितळात नर्सनं नळी घातली. डॉक्टर काचेचं भांडं हातात धरून उजेडाकडे बघत होते. तळाशी दोन चमचे असेल नसेल, काळ्या चहासारखं. मी विचारलं, म्हणजे काय? त्यांनी मला व्हरांड्यात नेलं. चिडलेले होते, तरी नीट समजावलं. म्हणाले, "लघवी कमी होते ती तीन ठिकाणी बिघडून. शरीरात पाणीच नसलं, तर मूत्रपिंडं ती अडवून धरतात. ते पाणी भरलं की सुधारतं, पण वेळेत. पुढे वाट अडली, खड्यानं म्हणा, तर मागे तुंबते. ते बघायलाच नळी घातली. तुंबली असती तर भडभड आली असती. लघवीची पिशवी रिकामीच आहे. म्हणजे मूत्रपिंडंच थांबलीत. आधीच खड्यांनी आणि पुड्यांनी दुबळी झालेली, त्यात जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं. बाई, आठ-दहा तास जाग्या माणसाला लघवी झाली नाही, तरी विचारायला यावं. हे चार दिवस झाले."

"मंगळवारी कळलं असतं तर?"

"मंगळवारी सलाईन लावलं असतं. खात्री कोण देणार? पण लावलं असतं."

हे वाक्य मी रोज ऐकते.

आणि मग ते सुरू झालं, जे मला सगळ्यात जास्त सलतं. तुम्हाला तहान लागली. इतकी वर्षं पाण्याला नाही म्हणणाऱ्या तुम्ही पाणी मागायला लागलात, आणि आता पाणी द्यायचं नव्हतं. आत गेलेलं बाहेर पडायला वाटच नाही, डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात भरेल. तासाला दोन चमचे. मी चमचा तुमच्या ओठाला लावायची आणि तुम्ही तो दातांत धरून ठेवायचात. रविवारी जरा शुद्धीवर होतात तेव्हा म्हणालात, "नलू, अजून एक." मी म्हटलं, "तासानं." तुम्ही किती वेळ माझ्याकडे बघत राहिलात. त्यात राग नव्हता. वर्गात एखाद्या मुलीनं बरोबर उत्तर दिलं पण तुम्हाला दुसरं हवं असलं की तुम्ही बघायचात, तसं.

मग विचारलंत, "साहेबांनी काय लिहिलं ग?"

"चांगलं लिहिलं," मी म्हणाले. "शाळा राहणार."

मला काहीही ठाऊक नव्हतं.

"बघ," तुम्ही म्हणालात. तेवढंच. मला म्हणायचं होतं, बाई, मला शाळा नको, तुम्ही उठा. म्हणायचं होतं, मला माफ करा, आणि म्हणायचं होतं, तुम्ही मला शपथ घातलीतच कशी. यातलं एकही मी बोलले नाही. ओल्या कापडानं ओठ पुसत राहिले. मंगळवारी पहाटे तुम्ही गेलात.

तेराव्यानंतर शाळेत गेले तर तपासणीचा कागद येऊन पडला होता. मुख्याध्यापिका म्हणून आता मी सही करायची. खाली रकाना होता, शौचालय, आणि त्यापुढे "उपलब्ध". मी सही न करता तशीच जिना चढून वर गेले. आपल्या शाळेत मी इतक्या वर्षांत कधी तो जिना चढले नव्हते. घरमालकीण तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या विचारलं, "मुलींना तुमची मोरी वापरू द्याल का?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "अव्वो बाई, मग आतापर्यंत का नाही विचारलं?"

"तुमच्या सासऱ्यांनी नाही म्हटलं होतं बाईंना."

"ते म्हातारे तर कवाच गेले! चार साल होऊन गेले. मी खाली बघते ना रोज, पोरी कशा घराकडे पळत सुटतात सुट्टी झाल्यावर. मला वाटलं तुमचंच काही बंदोबस्त असेल, मी कशाला बीच में बोलू?" मग त्यांनी डोळ्याला पदर लावला. "बाईंनी एकदा हाक मारली असती तर."

मी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसले आणि तिथे मला रडू फुटलं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. चार वर्षं, बाई! वरती दार होतं, आणि आपण भोपाळला हिंदीत लिहावं की न लिहावं यावर भांडत होतो. तुमचाही राग आला, माझाही आला. तुम्ही एकदा विचारून बघितलं होतंत, मी तर तेवढंही नाही.

कागदावरचं "उपलब्ध" मी खोडलं. लिहिलं की शाळेचं स्वतःचं शौचालय नाही, घरमालकीणबाईंनी आजपासून त्यांची मोरी मुलींना मोकळी केली आहे, पण ती त्यांच्या मर्जीवर आहे. आधीची माहिती चुकीची होती आणि ती देताना मी हजर होते. पाकीट टपालात टाकलं. शाळेचं काय होईल ते मला खरंच माहीत नाही. तुम्ही असतात तर पाकीट माझ्या हातातून हिसकावून घेतलं असतंत. घ्यायचं होतं की.

आणि रविवारी शनवारा पेठेत तुमच्या घरी गेले. भाऊसाहेब एकटेच होते, बंडीला बटण लावत होते. इस्पितळातून घरी आणलं त्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "नलूताई, तिनं तुम्हाला आधी काही सांगितलं होतं का?" आणि मी नाही म्हटलं होतं. आता बसायच्या आधीच सांगून टाकलं. बाईंनी मंगळवारीच सांगितलं होतं. मला माहीत होतं. त्यांनी शुक्रवारपर्यंत गप्प राहायला सांगितलं होतं आणि मी राहिले.

त्यांनी सुई बंडीत खुपसून ठेवली.

"बुधवारी सकाळी तिचे डोळे सुजले होते," मग ते म्हणाले. "मला वाटलं रात्री रडली असेल शाळेपायी. विचारलं, तर म्हणाली शुक्रवारनंतर बोलू. मी गाडी चुकेल म्हणून निघालो." माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही मंगळवारीच बोलायला पाहिजे होतं."

"हो," मी म्हटलं.

"मीही विचारायला पाहिजे होतं. एवढ्या वर्षांत मला एकदाही सुचलं नाही की दिवसभर ही जाते कुठे."

त्यांनी मला माफ केलं असं मला वाटत नाही. मी तशी अपेक्षाही धरली नव्हती. पण निघताना ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "मुलींना सांगा. अल्पशा आजारानं वगैरे नको. तिचं नाव घेऊन सांगा, कशानं गेली ते."

सोमवारी मी चारी वर्ग अंगणात बसवले. मी सांगितलं, आपल्या मोठ्या बाई लघवी बंद होऊन गेल्या. शब्द उच्चारला तशा पुढच्या दोघी तोंडावर हात ठेवून फिस्सकन हसल्या. मी थांबले, त्या गप्प झाल्या, मग पुढे बोलले. पाणी प्यायचं, शाळेत प्यायचं, दिवसभर. लघवी फार कमी झाली, गडद पिवळी, तपकिरी झाली, पाय किंवा तोंड सुजलं, तर आईला सांगायचं, आणि आईनं ऐकलं नाही तर मला सांगायचं. कुणीही कसलीही शपथ घातली तरी सांगायचं. बाईंनी सांगितलं नाही, आणि मला माहीत असून मीही सांगितलं नाही. हेही मी बोलले. मुली माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

मग दुसरीतली एक बारकी मुलगी मागून उभी राहिली. पाठीवरची वेणी चाचपत म्हणाली, "बाई, मला लघवीला लागली. मैं जाऊ का वर?"

"जा," मी म्हणाले.

ती जिन्याकडे पळाली. तिच्या मागून आणखी चौघी उठल्या, मग सहा, आणि जिन्यापाशी रांग लागली.